घारीची तलफ

बांधकामावरची माणसं तिला घार म्हणायची. उंच क्रेनच्या डोक्यावरच्या काचेच्या खोलीत ती एकटी बसायची आणि खालचं सगळं तिला दिसायचं: सळ्यांच्या आड कोण डुलकी काढतोय, हेल्मेट काढून कोण डोकं खाजवतोय, मुकादमाच्या पाठीमागे कोण त्याच्याच चालीची नक्कल करतोय. मग वॉकीटॉकीवरून ती अशी एकेकाची बिनपाण्यानं करायची की सगळ्या मजल्यांवर हशा पिकायचा. बाई क्रेन चालवणार म्हटल्यावर पहिल्या दिवशी मुकादमानं तिला विचारलं होतं की वर जाऊन घाबरलीस तर खाली कोण आणणार. तुम्हाला वर येता येत असेल तर तुम्हीच आणा, असं ती म्हणाली. मुकादमाला उंचीची भीती वाटते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते तोंडावर बोलायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती. त्या दिवसापासून मुकादम तिला वचकून राहिला आणि, खरं सांगायचं तर, तिच्यावर खूशही राहिला.

कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. क्रेनला टांगलेला माल हेलकावे खातो. नवखा चालक घाबरतो, एकदम ब्रेक लावतो आणि माल आणखीनच झुलतो. घार शिकायला आलेल्यांना सांगायची की अरे, त्याच्याशी भांडू नका, तो जिकडे निघालाय तिकडे तुम्हीही थोडे सरका, त्याच्या कलानं घ्या, मग बघा कसा गरीब गाईसारखा उभा राहतो. तिच्या हाताखाली तयार झालेली पोरं पुढे गावोगावच्या क्रेनवर गेली. मालाचा हेलकावा मारावा तर घारीनंच, असं ती अजून सांगतात.

नवरा फार पूर्वी निघून गेला होता. गेला ते बरं झालं, घरात दोन मुकादम कशाला, असं ती लोकांना सांगायची आणि विषय संपवायची. पदरात एक लेक होती. थोरला भाऊ दोन गल्ल्या सोडून राहायचा. टायरच्या दुकानात होता, स्वभावानं देवमाणूस, पण काळजीखोर इतका की सकाळी निरोप घेताना जेवलीस का असं विचारायचा.

कोकेनची पूड तिच्या आयुष्यात आली ती कामामुळेच, आणि हे मी तिची बाजू घ्यायला सांगत नाही. काँक्रीट ओतायला लागलं की थांबता येत नाही. दुसरा चालक आजारी पडला, कंपनीनं बदली दिली नाही, आणि एका पाळीला दुसरी जोडून काम सुरू झालं. माणसांची लिफ्ट चालवणारा एकजण होता, गोड बोलायचा. त्यानं एकदा कागदाची पुडी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला, ताई, झोप पळते याच्यानं. झोप खरंच पळाली. सुरुवातीला तर घार अशी काही चालवायला लागली की मुकादमानं पाहुण्यांना बोलावून तिचं काम दाखवलं. नंतर मात्र झोप जी पळाली ती परत यायलाच तयार होईना. मग त्याच लिफ्टवाल्याकडून झोपेच्या गोळ्या. वर जायला पूड, खाली यायला गोळी. लिफ्टवाल्याचा धंदा दोन्ही मजल्यांवर चालू होता.

तिला कुणी पकडलं नाही. हे ती आजही मान ताठ करून सांगते. एका दुपारी सळ्यांचा भारा खाली सोडताना तिचा हात किंचित चुकला आणि भारा जेवायला बसलेल्या माणसांच्या अगदी पाठीमागे आदळला. कुणाला खरचटलंही नाही. खालची माणसं हसली, घारीचा नेम चुकला म्हणाली. घार हसली नाही. तिनं क्रेन बंद केली, शिडी उतरली, मुकादमासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी पूड घेते. मला वर चढू देऊ नका." मुकादमाच्या हातातला डबा तसाच राहिला.

अशी ती त्या इस्पितळात आली. तिथले डॉक्टर एका प्रयोगावर काम करत होते. बार्बिट्युरेट नावाची झोपेची जुनी औषधं असतात, आता फारशी कुणी देत नाही. त्यातल्या एकाचा बेताचा डोस रोज दिला तर कोकेनची तलफ मरते का, हे त्यांना तपासायचं होतं. डॉक्टर माणूस सरळ होता. कधीही सोडून जायची मुभा आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. गोळी मात्र आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही, हेही सांगितलं. तिनं मान डोलावली. त्या वेळी तिला कुणी काहीही सांगितलं असतं तरी तिनं मान डोलावलीच असती.

वॉर्डाच्या टोकाला एक लहान खोली होती. पेशंट तिला आरशाची खोली म्हणायचे. दर आठवड्याला तिथे खुर्चीत बसवायचे, बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावायचे आणि समोर एक ट्रे ठेवायचे. ट्रेमध्ये छोटा आरसा, कापलेली नळी आणि पांढऱ्या पुडीची एक रेघ. पूड खोटी, नुसती दुधाची साखर, आणि ती खोटी आहे हे आधीच सांगितलेलं. पण जिवाला कुठे कळतं खरं-खोटं? मग डॉक्टर विचारायचे की शून्य ते दहा, तलफ किती. पहिल्या वेळी घारीची नाडी अशी धावत सुटली की यंत्र टीटी करायला लागलं. दोन्ही हातांनी खुर्ची धरून ती म्हणाली, नऊ. मग दातओठ खात म्हणाली, दहाच लिहा, उगाच लाजायचं कशाला.

गोळ्या सुरू झाल्या आणि काही आठवड्यांत चित्र पालटलं. घार ट्रेकडे बघायची आणि जांभई द्यायची. नाडी संथ. तलफ किती? शून्य. पुढच्या आठवड्यातही शून्य. डॉक्टरांचा आनंद त्यांच्या गंभीर चेहऱ्यावर मावेना. हाताखालच्या डॉक्टरांना ते तिची नोंद दाखवायला लागले. भाऊ भेटायला यायचा, बहीण शांतपणे पलंगावर बसलेली बघायचा आणि त्याचा जीव भांड्यात पडायचा. किती गुणाची झालीय, असं तो सिस्टरांना सांगायचा. जन्मात कधी कुणी घारीला गुणाची म्हटलं नव्हतं, आणि ते ऐकूनही तिच्या कपाळाला आठी पडली नाही. खरं तर तिथेच सगळ्यांनी ओळखायला हवं होतं.

मग एका सकाळी लेक आली ती हात प्लास्टरमध्ये घालून. स्कूटरवरून पडली होती. आई देणार त्या शिव्या येताना वाटभर तिनं मनात घोळवल्या होत्या: तुला डोळे आहेत की बटणं, हेल्मेट काय शोभेला ठेवलंय, आता त्या स्कूटरचं मी भंगार करते. घारीनं प्लास्टर पाहिलं. बरं, म्हणाली. दुखतं का, असंही विचारलं. आणि पाव चहात बुडवून खात राहिली. लेक थोडा वेळ शिव्यांची वाट बघत बसली, मग निघून गेली.

संध्याकाळी दात घासताना घारीला आरशात स्वतःचा चेहरा दिसला आणि मनात आलं, आज मी चिडायला हवं होतं. तिनं चिडून बघितलं. काही होईना. घाबरून बघितलं, तेही होईना. भूक, लाज, काळजी, एकेक करून तिनं सगळं चाचपून पाहिलं, आणि सगळीकडे तीच जांभई. दुसरी कुणी असती तर तिथेच झोपी गेली असती. पण हट्ट ही घारीची भावना नव्हतीच, तो तिच्या हाडात होता, आणि गोळी हाडापर्यंत पोचत नाही.

पुढच्या आठवड्यात ती आरशाच्या खोलीत बसायला तयार होईना. ट्रे नको, त्या जागी माझ्या लेकीला बसवा, म्हणाली. डॉक्टर म्हणाले की असं प्रयोगात नाही. मग मीही प्रयोगात नाही, असं म्हणून ती दारातच उभी राहिली. डॉक्टर वैतागले, पण त्यांनाही आतून कुतूहल वाटलं असणार. त्यांनी ट्रे उचलायला लावला. लेक समोरच्या खुर्चीत बसली, प्लास्टरचा हात मांडीवर. चिमटा लावला. यंत्रावरचा आकडा जागचा हलला नाही.

"लेकीची ओढ किती?" घारीनं डॉक्टरांच्या ऐवजी स्वतःच स्वतःला विचारलं. मग लेकीकडे कितीतरी वेळ बघत राहिली. "शून्य. लिहा, डॉक्टर. पुडीची शून्य लिहिलीत ना, मग ही पण लिहा."

लेक खाली मान घालून बसली. यंत्र तेवढं आपल्या चालीनं टिकटिकत होतं.

नंतर डॉक्टरांनी तिला समजावलं. औषधानं माणूस मंदावतो हे त्यांना मान्य होतं. पण ती जिवंत होती, पूड घेत नव्हती, आणि हे काय कमी आहे? आणखी काही महिने गोळी चालू ठेवू, मग पाहू. भाऊ तर हात जोडून उभा होता. तोही चुकीचा नव्हता. ताळ्यावर नसलेल्या बहिणीला फरशीवरून त्यानंच उचललं होतं, तिचे थंड पडलेले हात त्यानंच चोळले होते. थंड का होईना, आहेस तर खरी, असं तो म्हणाला. ते ऐकून घारीला रडू यायला हवं होतं. तेही आलं नाही, आणि तेव्हा तिचा निश्चय झाला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर गोळी घेऊन आल्या, तशी तिनं ती परत केली. लपवून नाही, थुंकून नाही, सरळ हातात. आजपासून बंद. डॉक्टर धावत आले. एकदम सोडलीत तर आकडी येईल, हळूहळू कमी करू, असं परोपरीनं सांगितलं. घारीला वाटलं की हे आपल्या प्रयोगातलं नामी शून्य वाचवायला बघतायत. हळूहळू म्हणजे वर्षभर, असं ती म्हणाली आणि पाठ फिरवून झोपली.

आणि तिला आकडी आली. पलंगाची दांडी वाकली, जीभ चावली गेली, भाऊ बाहेरच्या बाकावर तोंडात रुमाल कोंबून बसला. हेलकावा खाणाऱ्या मालाला एकदम ब्रेक लावायचा नाही, हे जिनं आयुष्यभर पोराटोरांना शिकवलं, तिनं स्वतःच्या बाबतीत नेमकं तेच केलं. शुद्धीवर आल्यावर तिला हे कळलं आणि ती सुजलेल्या जिभेनं स्वतःलाच एक सणसणीत शिवी देऊन मोकळी झाली. डॉक्टर समोर उभे होते, रागानं लाल. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तोच ती म्हणाली, "चूक माझी. तुम्ही खरं सांगत होतात. पण गोळी सोडायचीच. कशी सोडायची ते तुम्ही सांगा."

डॉक्टरांचा राग कुठच्या कुठे गेला. खुर्ची ओढून ते बसले आणि त्यांनी सांगितलं. आज इतकी, मग थोडी कमी, थांबायचं, अंग काय म्हणतंय ते बघायचं, मग पुन्हा थोडी कमी. घार ऐकत होती. त्याच्या कलानं घ्यायचं, असं ती पुटपुटली. डॉक्टरांना अर्थ लागला नाही, पण त्यांनी हो म्हटलं.

भाऊ मात्र ऐकेना. दोघांचं कडाक्याचं वाजलं. अख्ख्या जन्मात घारीला कुणी इतकं बोललं नव्हतं. पुन्हा पुडीच्या नादी लागलीस तर मी खांदा द्यायलाही येणार नाही, असं तो म्हणाला आणि म्हणताना त्याचाच आवाज फाटला. घार पलंगावर उठून बसली.

"दादा, तू मला मरू दिलं नाहीस, ते तुझे उपकार. पण तू जिला घरी नेतोयस ती मी नाही. ती गुणाची बाई तुला लखलाभ होवो. मला पुडीची ओढ चालेल, पण मग पोरीचीही ओढ लागली पाहिजे. दोन्ही एकाच दारानं येत असतील तर दार उघडं ठेव. आत आलेल्या चोराचं काय करायचं ते मी बघते."

भाऊ गेला. तरी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आलाच.

गोळी कमी होत गेली तसं एकेक परत यायला लागलं, आणि त्यातलं चांगलं फार थोडं होतं. आधी फिनेलचा वास नाकात बसला. मग शेजारच्या पलंगावरच्या बाईचं गुणगुणणं असह्य झालं. मग भूक, मग लाज. सळ्यांचा तो भारा डोळ्यांसमोर आदळायचा आणि घार पांघरुणात तोंड लपवायची. मग एका दुपारी लेक आली. प्लास्टर निघालं होतं आणि ती पुन्हा स्कूटरवरून आली होती. घारीनं खिडकीतून ते पाहिलं. लेक दारात पोचायच्या आत असा काही तोफखाना सुरू झाला की सिस्टर पळत आल्या. पोरीला डोळे आहेत की बटणं, इथपासून जी सुरुवात झाली ती तिच्या बापाच्या खानदानापर्यंत पोचली. लेक दाराला टेकून ऐकत होती आणि घळाघळा रडत होती, आणि मधेच म्हणत होती, अजून, आई, अजून बोल. मला विचाराल तर त्या वॉर्डात इतकं सुंदर भांडण दुसरं झालं नसेल.

आणि तलफही आली. चोरपावलानं नाही, दार तोडून आली. आरशाच्या खोलीत यंत्र पुन्हा टीटी करायला लागलं. घारीच्या हातांना घाम फुटला, जबडा थरथरायला लागला. डॉक्टरांनी विचारायच्या आत तिनं सांगितलं, दहा. डॉक्टरांनी ट्रे उचलायची खूण केली. राहू द्या, म्हणाली, याच्याकडे बघायला मला शिकू द्या. ती बघत बसली. घाम कानशिलांवरून ओघळत होता आणि तिच्या तोंडून त्या खोट्या पुडीला अशा शिव्या निघत होत्या की हाताखालचा तरुण डॉक्टर भिंतीकडे बघायला लागला.

घरी जायच्या दिवशी डॉक्टर तिला दारापर्यंत सोडायला आले. प्रयोगाच्या हिशेबात तुम्हाला अपयशी धरावं लागेल, असं ते म्हणाले. तिनं खुशाल धरा म्हटलं. मग ते म्हणाले की बाकीच्या पेशंटांनाही मी आता दुसरं विचारायला लागलोय, भूक किती, मुलांची आठवण किती, कामावर जावंसं वाटतं का. बहुतेकांचं सगळंच शून्य येतंय. तलफ मेली असं मी समजत होतो, पण माझी माणसंच झोपली होती. हे छापायचं म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःचं काम पुसायचं. घारीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "छापा, डॉक्टर," ती म्हणाली. "मी मुकादमासमोर उभी राहिले तेव्हा माझेही पाय लटपटत होते." त्यांनी छापलं की नाही, हे तिला कळलं नाही. त्यांनी छापलं असावं असं मला वाटतं, कारण पुढे त्या वॉर्डातल्या गोळ्या बदलल्या.

क्रेन तिला लगेच मिळाली नाही, आणि तिनंही मागितली नाही. मुकादमानं तिला खालचं काम दिलं: माल बांधायचा, वरच्या चालकाला वॉकीटॉकीवरून सांगायचं. वर आता तिनंच शिकवलेला एक पोरगेला बाप्या होता. खाली उभं राहून वर बघत माल सोडायला सांगणं तिला फार जड जायचं. तलफ रोज यायची. कधी जेवताना, कधी पाण्याच्या नळाशी, कधी काहीच कारण नसताना. ती यायची तेव्हा घार दोन्ही हातांनी लोखंडी साखळी घट्ट धरून उभी राहायची आणि कुणी विचारलं तर स्वच्छ सांगायची की तलफ आलीय, जाईल. लोकांना कसंतरी व्हायचं. अशा गोष्टी बाईमाणसानं चारचौघांत बोलू नयेत, असं एकदोघांनी सुचवूनही पाहिलं. बोलायच्या नाहीत तर काय दाबून ठेवायच्या, असं तिनं विचारलं, आणि पुन्हा कुणी सुचवलं नाही.

आणि मग तो आलाच. एका सकाळी पहिला भारा बांधून झाला होता आणि ती लिफ्टच्या मागे सावलीत हातमोजे बदलत होती. लिफ्टवाला शेजारी येऊन उभा राहिला. पूड कुणी दिली हे मुकादमानं तिला कधी विचारलंच नव्हतं. किती दिवसांनी, ताई, म्हणाला. तब्येत उतरलीय, म्हणाला. आणि तिच्या मोकळ्या हातात त्यानं कागदाची पुडी सरकवली. पैसे नकोत, आपल्यातलीच आहेस, म्हणाला.

हे दुधाच्या साखरेचं काम नव्हतं. घारीचं काळीज असं उसळलं की कानांत धडधड ऐकू यायला लागली. तोंडाला पाणी सुटलं, डोळ्यांपुढे त्या पुडीशिवाय काही उरलं नाही. आसपास कुणी नव्हतं. लेक तिच्या कामावर, भाऊ दुकानात, डॉक्टर कुठल्या कुठे. तिला ती पूड हवी होती, जगात दुसरं काहीच नको इतकी हवी होती, आणि तिची मूठ वळलेलीच राहिली. उघडेना. मग दुसऱ्या हातानं तिनं कमरेचा वॉकीटॉकी काढला आणि बटण दाबलं. त्या लाइनवर सगळं बांधकाम होतं: वरचा चालक, सगळ्या मजल्यांवरचे गवंडी, काँक्रीटवाले, मुकादम, आणि त्या दिवशी पाहणीला आलेले कंपनीचे साहेबसुद्धा.

"ऐका सगळे. मी घार बोलतेय. लिफ्टच्या मागे आहे. लिफ्टवाल्यानं मला पूड दिलीय, ती माझ्या मुठीत आहे, आणि मला ती हवीय. खूप हवीय. मूठ माझ्यानं उघडवत नाहीये. कुणीतरी या."

क्रेन हवेतच थांबली. कुठेतरी हातोडी वाजत होती, तीही थांबली. लिफ्टवाला तोंड वासून उभा होता. मग त्याला पाय फुटले, पण पळायला जागा कुठे होती, चहूकडून माणसं यायला लागली होती. वॉकीटॉकी खरखरला. वरून बाप्याचा आवाज आला. "ऐकलं, ताई. थांब. सगळे येतायत, मला दिसतायत."

"चालत येतायत की पळत?" घारीनं विचारलं. तिची मूठ तशीच घट्ट होती, आणि घामानं भिजलेल्या चेहऱ्यानं ती रागानं वर बघत होती. "पळत यायला सांग त्यांना."